न जुळणाऱ्या वंशावळी: भोसले कुळ आणि हिब्रू धर्मग्रंथ

भोसले घराण्याच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. शहाजीराजे, वडील मालोजी, चुलते विठोजी आणि आजोबा बाबाजी, इथपर्यंत फारसा वाद नाही. त्याच्या वर गेले की प्रत्येक साधनाची वाट वेगळी. मुधोळकर घोरपड्यांच्या दप्तरातील फर्माने सज्जनसिंहापासून पिढ्या देतात आणि उग्रसेनाच्या कर्णसिंह व शुभकृष्ण या मुलांपासून घोरपडे व भोसले अशा शाखा फोडतात. या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेल्या मराठी शिलालेखातील नावे निराळी. मल्हार रामराव चिटणिसांची बखर मेवाडशी नाते सांगते, तर रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा माग काढत हे कूळ दक्षिणेतील होयसळांपर्यंत नेले.

तंजावरचा शिलालेख आणि चिटणिसांची बखर यांपेक्षा जुना ग्रंथ नगर जिल्ह्याशी नाते असलेल्या कवीचा आहे. नेवाशाचे कवींद्र परमानंद यांनी शिवाजी महाराजांच्या काळात रचलेले संस्कृत ‘शिवभारत’ १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी प्रसिद्ध केले. परमानंद भोसल्यांना सूर्यवंशी म्हणतात, पण कथा मालोजींपासून सुरू करतात. मालोजींच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. परंपरा ती अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या कृपेशी जोडते. शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत पडले. पूर्वजांची नावे मागाहून जोडता येतात, पण बारशाला ठेवलेले आणि साऱ्या मुलखाला ठाऊक असलेले नाव बदलता येत नाही. म्हणून ही दोन नावे मालोजींच्या काळाबद्दल कोणत्याही लांबलचक वंशावळीपेक्षा अधिक विश्वासाने बोलतात.

हिब्रू धर्मग्रंथांतील वंशावळींत अशाच अडचणी आहेत, आणि त्यांच्या अभ्यासातून हाती आलेली वाचनाची रीत इथे उपयोगी पडते. याजक एज्रा आपले कूळ अहरोनापर्यंत नेतो तेव्हा मरायोथानंतर थेट अजऱ्या येतो. ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याच ठिकाणी आणखी सहा नावे आहेत. याजकपणाचा हक्क सांगायला मूळ पुरुष आणि हयात वारस पुरेसे असतात, मधल्या पिढ्या गळाल्या तरी हक्काला बाध येत नाही. शमुवेलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्याचे वडील एलकाना एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातले आहेत, तर ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचा कर्ता शमुवेलाला लेवीच्या वंशात बसवतो. शमुवेलाने देवस्थानात सेवा केली आणि ती सेवा या कर्त्याच्या दृष्टीने लेव्यांचीच. इथे कामावरून कूळ ठरलेले दिसते. बायबलचे अभ्यासक रॉबर्ट विल्सन यांनी १९७७ च्या ग्रंथात हे सूत्र मांडले: घर, राजसत्ता आणि धर्मकार्य यांच्या गरजा वेगळ्या, म्हणून एकाच माणसाच्या वंशावळीही वेगळ्या.

हे सूत्र भोसल्यांना लावले तर मेवाडच्या नात्याला महत्त्व केव्हा आले ते कळते. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाआधी क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला होता. गावच्या पाटीलकीला राजवंशाची वंशावळ लागत नव्हती. छत्रपतींच्या सिंहासनाला ती हवी होती. मात्र गरज होती म्हणून नाते रचले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गरजेतून जुनी, खरी आठवणही वर येते. बाबाजींच्या वरच्या पिढ्यांचा निकाल समकालीन कागदांवरच लागेल.

दत्तक आणि त्यासारखी मानलेली नाती हे विसंगतीचे आणखी एक कारण. जरुब्बाबेल हा एज्रा व हाग्गय यांच्या पुस्तकांत शल्तिएलाचा मुलगा, पण पहिल्या इतिहासात पदायाचा. निपुत्रिक मेलेल्या भावाचा वंश त्याच्या विधवेशी लग्न करून चालवण्याची चाल ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, आणि अनेक भाष्यकार तिच्याच आधाराने हा पेच सोडवतात. मराठी वतनाच्या कागदांत दत्तकाला नुसते ‘पुत्र’ लिहिले की जन्मदात्याचे नाव असेच दिसेनासे होते. साताऱ्याच्या रामराजांच्या बाबतीत पेच तिहेरी आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज वारल्यावर गादीवर आलेले रामराजे दत्तकाच्या नात्याने शाहूंचे पुत्र. ताराबाईंनी आधी त्यांना आपला नातू म्हणून पुढे केले आणि पुढच्याच वर्षी ते नाते नाकारले. म्हणून भोसल्यांच्या वंशवृक्षात रामराजांच्या नावापाशी शाहूंकडून दत्तकाची एक रेघ आणि ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी यांच्याकडून जन्माची दुसरी रेघ काढावी लागते, आणि दुसरीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे लागते.