गार्वेचे कपोतगृह

इंग्लंडच्या पश्चिम सीमेवर, वेल्सला लागून असलेल्या हेरफर्डशायर परगण्यात गार्वे नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सेंट मायकेल चर्चशेजारच्या शेतवाडीत दगडी बांधणीचे एक वर्तुळाकार घर उभे आहे. हे कबुतरांचे घर. दारावरील लॅटिन लेखात १३२६ हे साल आहे. ही जागीर पूर्वी टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती संघाची होती; १३१२ मध्ये तो संघ बरखास्त झाल्यावर ती हॉस्पिटलर संघाकडे आली आणि त्यांनी हे कपोतगृह बांधविले.

आतील भिंतीत ओळीवर ओळ रचलेले ६६६ कोनाडे आहेत. ऊन, वारा, पाऊस कशाचीच बाधा पाखरांना होऊ नये, अशी ही जाड भिंत. दादरच्या कबुतरखान्यात पूर्वी दाणे टाकलेल्या, मेघरथ राजाने शरण आलेल्या पारव्यासाठी स्वतःचे मांस दिल्याची कथा लहानपणी ऐकलेल्या जैन वाचकाला हे पाहून प्रथम जीवदयाच आठवेल.

हेतू मात्र भोजनाचा होता. पिलू साधारण चार आठवड्यांचे झाले, अंग भरले, परंतु पंखांत बळ आलेले नाही, नेमक्या त्या वेळी ते कोनाड्यातून काढून नेत. आईबाप पुन्हा अंडी घालीत. वॉरिकशायरमधील किनवॉर्टन येथील अशाच जुन्या कपोतगृहात या कामाचे साधन अद्याप पाहावयास मिळते: मधोमध स्वतःभोवती फिरणारा उभा खांब आणि त्याला जोडलेली शिडी. शिडीवरचा माणूस खाली न उतरता भिंतीभर फिरू शके. इतकी सोयीची युक्ती, आणि इतक्या निर्दय कामासाठी!

विष्ठाही वाया जात नसे. ती शेताला उत्तम खत होई.

पाखरे कोंडलेली नव्हती. ती दिवसभर मोकळी हिंडत आणि आसपासच्या शेतांतील धान्य टिपत. कपोतगृह बाळगण्याचा अधिकार मध्ययुगात जहागीरदारांचा व मठांचा. गरीब कुळाने आपल्या पिकावरचे कबूतर मारले, तर तोच अपराधी ठरे. म्हणजे दाणा कुळाचा आणि ताट धन्याचे. कुळाला पाखराचा राग येई तो यामुळे, आणि तो राग समजण्याजोगा आहे.

अठराव्या शतकात सलगमासारखी चाऱ्याची पिके वाढली, गुरे हिवाळाभर पोसता येऊ लागली आणि ताज्या मांसासाठी कबुतरांची गरज ओसरली. पुढे अनेक कपोतगृहे पडली, काहींची कोठारे झाली. गार्वेचे घर कायद्याने संरक्षित वास्तू म्हणून जपले गेले असून दारावरचा लेख आजही जागेवर आहे.