पाच रात्रींचे बिऱ्हाड

परगावाहून आलेल्या माणसाला आमच्याकडची वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारीत, तो ‘उतरला होतात कुठे?’ हा. काय पाहिले, काय खाल्ले, हे प्रश्न मागाहून येत. या क्रमात मोठे शहाणपण होते. माणूस कोठे उतरला यावरून त्याची नातीगोती, त्याची ऐपत आणि त्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी एका उत्तरात कळत. मामाकडे उतरलो, मित्राच्या बिऱ्हाडी पथारी टाकली, देवळाच्या अग्रशाळेत राहिलो, अशी ती उत्तरे असत. हॉटेलात उतरलो असे सांगणाऱ्याकडे थोड्या कीवेने पाहिले जाई. त्या गावात बिचाऱ्याचे कोणीच नाही, असा त्याचा अर्थ होई.

गोव्यातल्या माझ्या वयाच्या हिंदू माणसाचे लहानपणीचे बहुतेक मुक्काम अग्रशाळेतले. मंगेशी, नागेशी, शांतादुर्गा अशा देवस्थानांच्या आवारात भक्तांना राहण्यासाठी या खोल्या असतात. सामान म्हणजे एक चटई, एक हंडा आणि भिंतीतली खुंटी. पण पाणी स्वच्छ, दाराला कडी, रात्री निवांतपणा, आणि हाक मारली तर ओ देणारे कोणीतरी जवळ. मुक्कामाची जागा कशी असावी याची माझी मोजपट्टी तेथेच तयार झाली, आणि पन्नाशी उलटल्यावर परदेशातली खोली निवडायची वेळ आली तेव्हा तीच कामी आली.

आमच्या विवाहाला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने ‘तुम्ही दोघे एकदा परदेश पाहून याच’ असा हट्ट धरला. कोठे जायचे, हे ठरवायला मात्र वेळ लागला नाही. मी म्हणालो, लिस्बन. मुरगावच्या माणसाने हे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, याला पोर्तुगालचे नागरिकत्व हवे असणार. दुसरी, याला जुन्या राजवटीचा पुळका असणार. माझे कारण तिसरेच होते.

माझे वडील पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावपर्यंत शिकले. त्यांच्या पिढीला लिस्बन म्हणजे पाहण्याचे शहर नव्हते. जेथून हुकूम सुटतात ते ठिकाण होते. माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला त्या शहराशी जोडणारा धागा आणखी वेगळा. सांगलीकडचे मनोहर आपटे हे तरुण गृहस्थ मोहन रानडे या नावाने गोव्यात आले आणि सावई-वेरे येथे मराठीचे शिक्षक झाले. मुक्तिलढ्यात १९५५ साली ते पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले आणि लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आम्ही ध्वज फडकवले, गावोगाव मराठी शाळा निघाल्या; आणि ज्यांनी त्यासाठी सोसले ते शिक्षक मात्र कोठडीतच राहिले. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. एका मराठी शिक्षकाला लिस्बनने दिलेला मुक्काम हा असा होता. दुसरा एक मराठी शिक्षक आता स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीची खोली घेऊन त्याच शहरात पाच रात्री राहणार होता. ती खोली निवडणे ही माझ्या लेखी लहान गोष्ट नव्हती.

पैशांचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला. कन्या म्हणाली, “बाबा, खर्चाचा विचार करू नका, मी देते.” त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “खर्चाचा विचार इथेच करून जाऊ या. न करता गेलो, तर तिथे पाचही दिवस तोच करीत बसू.” हे वाक्य मला इतके पटले की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. रात्रीला आठ हजार रुपये, अशी मर्यादा ठरली. व्हिसासाठी राहण्याच्या जागेचे आरक्षण आधीच दाखवावे लागते, आणि सरकारी नोकराला खात्याची परवानगीही काढावी लागते. म्हणून ठराविक तारखेपर्यंत आरक्षण रद्द करता येईल अशीच जागा घ्यायची, हेही ठरले. सुटी दिवाळीचीच मिळणार होती. भाऊबीज आटोपून निघायचे ठरले. उन्हाळ्यातली तोबा गर्दी तोवर ओसरलेली असते आणि दरही उतरलेले असतात. पावसाची थोडी भीती असते, पण कोकणपट्टीच्या माणसाने पावसाला भ्यावे हे बरे नव्हे.

मग जाहिराती वाचणे सुरू झाले. या बाबतीत गोवेकराला एक लाभ असतो. जग आमच्याकडे खोल्या घ्यायला येते, त्यामुळे खोली विकणाऱ्याची भाषा आम्हांला आतून कळते. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ यातली मिनिटे पायी चालण्याची की स्कूटरवरची, हे लिहिलेले नसते. ‘पारंपरिक वातावरण’ याचा अर्थ जिना अरुंद आहे. ‘चैतन्यमय परिसर’ म्हणजे पहाटेपर्यंत खाली गाणी-बजावणी. छायाचित्र खोलीच्या कोपऱ्यातून काढलेले असले तर खोली लहान. नुसत्या उशीचे आणि फुलदाणीचे असले तर ती त्याहून लहान. येऊन गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना मी स्तुती सोडून देत असे आणि एकाच तक्रारीची पुनरुक्ती शोधत असे. एकाने थंडीची तक्रार केली तर तो नाजूक असेल. पाच जणांनी केली तर भिंतींना ओल आहे. पोर्तुगालची जुनी घरे हिवाळ्यात आतून फार गार पडतात, म्हणून खोलीत तापकाची सोय आहे की नाही, हे मी पत्र लिहून विचारून घेतले.

शेवटी तीन जागा उरल्या. पहिली आल्फामा भागातली. लिस्बनचा हा सर्वांत जुना भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात बाकीचे शहर कोसळले, पण येथल्या चढणीच्या गल्ल्या पुष्कळशा वाचल्या. खिडकीतून तेजू नदीचे पात्र दिसत होते. याच नदीतून निघालेली गलबते आमच्या किनाऱ्याला लागली, हा विचार मनात येताच मी त्या खिडकीच्या प्रेमात पडलो. दुसरी जागा बायशा भागातली, म्हणजे भूकंपानंतर आखणी करून बांधलेल्या सरळ रस्त्यांच्या पेठेतली. सगळे जवळ, पण खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तिसरी आंजुश भागातली. एका जुन्या इमारतीच्या एकाच मजल्यावर सहा खोल्या, घरधनीण तेथेच राहणारी, न्याहारी भाड्यातच, लहानशी लिफ्ट, आणि भुयारी रेल्वेचे स्थानक दोन मिनिटांवर. खिडकीतून काय दिसते? समोरच्या घराची खिडकी.

माझे मन पहिल्या जागेत, सौभाग्यवतींचे गुडघे तिसऱ्या जागेत, अशी स्थिती झाली. लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात, आणि त्याच्या पदपथांवर चुनखडीचे लहान लहान पांढरे तुकडे जडवलेले असतात. पावसात ते निसरडे होतात. नकाशा सपाट कागदावर असतो, त्यामुळे चढण त्यात दिसत नाही. ‘चालत सात मिनिटे’ हे अंतर गुडघ्याच्या हिशेबाने वेगळेच निघते.

पण निकाल केवळ गुडघ्याने लावला नाही. आल्फामाची ती खोली कोणाच्या तरी राहत्या घराची होती. घर आता पर्यटकांना रोजाने दिले जाई. कुतूहल म्हणून मी या प्रकाराची माहिती वाचली. जुन्या वस्त्यांतली इतकी घरे अशी रोजाच्या भाड्याला गेली की तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भाडेकरूंना जागा परवडेनाशी झाली. म्हणून २०१८ साली लिस्बनच्या नगरपालिकेने आल्फामा, मोरारिया आणि आसपासच्या भागांत अशा नव्या परवान्यांना स्थगिती दिली. हे वाचताना मला आमच्याकडची किनाऱ्यावरची गावे दिसू लागली. तेथेही वर्षातले दहा महिने बंद राहणारी सुंदर घरे आहेत, आणि जवळच भाड्याची खोली शोधत फिरणारे गावचेच तरुण आहेत. जे आपल्या गावात खुपते ते दुसऱ्याच्या गावात मोहक कसे म्हणावे? एका मुरगावकराने खोली नाकारल्याने आल्फामा पुन्हा भरणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जेथे माणूस राहतो आणि पाहुण्यालाही ठेवतो, त्या घरात उतरावे, हे मनाला अधिक बरे वाटले. नदीची खिडकी सोडताना वाईट वाटले, हेही खरे.

आंजुशच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. तेथून भुयारी रेल्वेची हिरवी मार्गिका गाडी न बदलता थेट कैश दु सोद्रे स्थानकाला जाते, आणि काशियशला जाणारी आगगाडी तेथूनच सुटते. विमानतळाहून येताना आलामेदा स्थानकावर एकदा गाडी बदलली की काम झाले.

दाबोळीहून अथवा पेडण्याच्या मोपाहून लिस्बनला थेट विमान नाही. वाटेत बदलत, अवघडलेल्या अंगाने आम्ही सकाळी पोहोचलो. खोली दुपारी मिळणार होती, पण सामान ठेवून घेण्याची कबुली आधीच घेतलेली असल्याने अडचण आली नाही. घरधनीण साठीच्या बाई. इंग्रजी त्यांना बेताचे, पोर्तुगीज मला वडिलांकडून ऐकलेले चार शब्द. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे करून ‘शाव्ह’ म्हटले; मी ‘चावी’ म्हटले. न्याहारीला त्या ‘पांव’ म्हणाल्या, सौभाग्यवती ‘पाव’ म्हणाल्या. मग ‘बटाटा’, ‘कोबी’, ‘फीत’, ‘बिजागरी’ असे एकेक शब्द निघाले आणि बाई हसून हसून बेजार झाल्या. ज्या राजवटीने आमची देवळे पाडली तिच्या भाषेतले हे शब्द आम्ही आजही देवघराशेजारच्या स्वयंपाकघरात वापरतो. भाषेला सूडबुद्धी नसते, हे मी वर्गात पुष्कळदा शिकवले होते. तेथे ते जेवणाच्या मेजावर दिसले.

खोली लहान होती, पण चादरी पांढऱ्याशुभ्र, गरम पाणी भरपूर आणि रात्री शांतता. नगरपालिकेचा कर माणशी दर रात्री चार युरो. दोघांचे पाच रात्रींचे चाळीस युरो वेगळे द्यावे लागले. तो २०२४ पासून दोनाचा चार झाला आहे, आणि जाहिरातीतल्या दरात तो बहुधा धरलेला नसतो. मार्तिम मोनीश जवळच असल्याने तांदूळ, डाळ, मिरची विकणारी दुकाने हाताशी होती. सोमवारचे शाकाहारी जेवण त्यामुळे सुकर झाले. बाकीचे दिवस सारदिनने सांभाळले. मासे खाणाऱ्याला लिस्बन परके वाटत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही काशियशला निघालो. कोठे जाता, असे बाईंनी विचारले. मी नाव सांगितले, तशा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, पाहुणे बेलेंला जातात, सिंत्राला जातात. काशियशला कोणी जात नाही. मी मोडक्या शब्दांत सांगितले, “आमचे एक शिक्षक तेथे होते.” त्यांनी आणखी काही विचारले नाही. कागदावर गाड्यांच्या वेळा लिहून दिल्या आणि दोन पाव चीज घालून बांधून दिले. त्यांच्या वयाच्या माणसाला त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. २५ एप्रिल १९७४ ला त्यांच्या देशातली हुकूमशाही संपली आणि त्याच आठवड्यात काशियशचे राजकीय कैदी सुटले. ते बहुतेक पोर्तुगीजच होते.

आगगाडी नदीच्या काठाने जाते. पाणी रुंदावत जाऊन समुद्र होते. स्थानकावर उतरून आम्ही किनाऱ्याच्या कठड्याशी उभे राहिलो. तुरुंग आतल्या अंगाला, चढावर आहे. तेथवर जायचे नव्हतेच. जे पाहायचे होते ते हे, की येथून समुद्र किती जवळ आहे. याच पाण्याच्या वाटेने आमचा किनारा येतो, आणि इतक्या जवळ असलेला हा समुद्र एका शिक्षकापासून वर्षानुवर्षे दूर ठेवला गेला. सौभाग्यवतींनी शिदोरी सोडली. पाव खाताना आम्ही फारसे बोललो नाही.

वाचकहो, बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा गावी स्थिरावलेल्या आपल्या घरांतून आज पुष्कळ जण परदेशी शहर पाहायला निघतात. त्यांना माझे सांगणे थोडके आहे. आधी प्रवासाचे कारण ठरवावे, मग जागा. पैशाची मर्यादा घरीच घालावी. चढण, लिफ्ट, ऊब आणि स्थानक यांची चौकशी खिडकीच्या आधी करावी. घराचा धनी घरात राहतो की नाही, हे विचारावे. मोहकपणाची व्याख्या जाहिरातीवर सोपवू नये; सकाळी निघताना कोठे जाता असे विचारणारे आणि संध्याकाळी आलात का असे म्हणणारे कोणी असले, की खोली आपोआप मोहक होते.

परत आल्यावर शेजारच्या वृद्ध काकांनी जुन्या रीतीप्रमाणे विचारले, “उतरला होतात कुठे?” मी म्हणालो, “एका बाईंकडे.” त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मगच विचारले, “बरे, पाहिलेत काय?”