टग हिलचे हिम

न्यूयॉर्क हे नाव उच्चारताच आपणांस गगनचुंबी इमारती आठवतात. परंतु त्याच नावाच्या राज्यात, ऑन्टॅरियो सरोवराच्या पूर्वेस, टग हिल नामक जे पठार आहे तेथे वस्ती विरळ आणि हिम उदंड. हिवाळ्यातील थंड वारे सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून बाष्प उचलतात व पठार चढताना ते हिमरूपाने टाकून देतात. माथ्याकडील भागात एका हिवाळ्यात २०० इंचांहून अधिक हिम पडणे हे नित्याचेच. १९९७ च्या जानेवारीत मॉन्टेग्यू या गावी २४ तासांत ७७ इंच हिम मोजले गेले. मोजणी नियमाहून अधिक वेळा झाल्यामुळे तो आकडा विक्रम म्हणून मान्य झाला नाही. फावडे हाती घेणाऱ्यास या वादाचे सोयरसुतक ते काय असणार!

आम्ही ज्या घरी उतरलो होतो ते सडकेपासून ३०० फूट आत. सडक सरकारी नांगर साफ करितो. तेथून दारापर्यंतची वाट ज्याची त्याने मोकळी करावयाची. यजमानांच्या वृद्ध मातोश्री हृदयविकाराने आजारी. रात्रीतून वाट बुजली तर रुग्णवाहिका सडकेवरच थांबावयाची, हे भय त्या घरात हिवाळाभर वसतीस असे. यजमानांपाशी ३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर होता. त्यास हिम उडविणारे यंत्र, म्हणजे स्नोब्लोअर, किती रुंदीचे जोडावे याचा खल आमच्यादेखत चालला होता.

या यंत्राचे आडवे मळसूत्र हिम कातरून मध्यभागी ओढते आणि त्यामागील पंखा ते उंच नळीतून दूर भिरकावितो. क्वेबेकच्या आर्थर सिकार याने १९२५ साली असे मोटारीवर चालणारे यंत्र सिद्ध केले. ट्रॅक्टरवर त्यास शक्ती मिळते ती मिनिटास ५४० फेरे घेणाऱ्या पी.टी.ओ. दांड्याकडून, आपल्याकडील शेतांत रोटाव्हेटर फिरवितो तोच हा दांडा.

यजमानांचे चिरंजीव ७२ इंची यंत्राचा आग्रह धरून होते. हिम फार, तेव्हा यंत्र मोठे, असा त्यांचा सरळ न्याय. हिशेब मात्र निराळा निघतो. एंजिनाची शक्ती ३० असली तरी त्या ट्रॅक्टरच्या दांड्याशी ती २४ च उरते. रुंदीच्या दर फुटास निदान ५ अश्वशक्ती, असा तिकडील जाणत्यांचा ठोकताळा. म्हणजे ७२ इंचांस ३० हवी. शक्ती तोकडी पडली की पंखा मंदावतो, ओले हिम नळीत अडकते, आणि एंजिन बंद न करता ती हाताने मोकळी करू जाणाऱ्यांनी बोटे गमावल्याची उदाहरणे आहेत. उलटपक्षी यंत्र चाकांच्या बाहेरील कडांहून अरुंद असूनही भागत नाही. चाके न उडविलेल्या हिमावर चढून घसरतात. या ट्रॅक्टरची रुंदी ५० इंच. ५४ इंची यंत्रास साडेबावीस अश्वशक्ती पुरे. आमच्या मते वाद येथेच मिटावयास हवा होता. पण मोठ्या वस्तूचा मोह तरुणांना सर्वच देशांत सारखा.

अखेरीस ५४ इंचीच आले, तेही मागे जोडावयाचे. पुढे जोडावयाचे फार महाग. त्यामुळे मान वळवून ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो, आणि हे कष्ट थोडे नव्हेत. पुढे एका रात्री १८ इंच हिम पडले. आतील वाट लवकर उरकली. खरी झटापट झाली ती सडकेच्या तोंडाशी नांगराने लोटून ठेविलेल्या कठीण बांधापाशी. तेथे ट्रॅक्टर इंचाइंचाने सरकवावा लागला, पण पंख्याचा वेग ढळला नाही. मध्येच दडलेला दगड लागून मळसूत्राचा बोल्ट तुटला. यंत्र वाचावे म्हणून तुटण्यासाठीच तो बसविलेला असतो. एंजिन बंद करून चिरंजीवांनी खिशातून दुसरा काढून बसविला. सातच्या सुमारास परिचारिकेची मोटार थेट पायरीशी येऊन लागली.