कर्जतला येणाऱ्यांसाठीं

आमच्या घरीं मुंज किंवा लग्न निघालें, कीं निमंत्रणपत्रिका हातीं पडल्याबरोबर नातलगांकडून येणारा पहिला प्रश्न मुहूर्ताविषयीं नसतो. "कर्जतला यावें कसें?" हा तो प्रश्न. पंचवीस वर्षें या गांवीं सून म्हणून राहिल्यावर त्याचें उत्तर मला आतां पाठ झालें आहे.

मुंबईकरांस सांगणें सोपें. लोकलनें यावें; अंतर सुमारें १०० किलोमीटर, आणि जलद गाडीला दोन तासांवर थोडा वेळ. मात्र पाटीवर कर्जत किंवा खोपोली असें वाचल्याखेरीज पाऊल आंत टाकूं नये. बदलापूरची गाडी बदलापुरासच संपते, आणि कसाऱ्याची गाडी कल्याणाहून निराळ्याच वाटेला लागते. आमचे एक वृद्ध आप्त आहेराच्या पिशवीसह त्या वाटेनें आसनगांवापर्यंत जाऊन आले व मंगलाष्टकें आटोपल्यावर मांडवांत पोहोंचले! पुणेकरांनीं तिकीट काढण्यापूर्वीं थांबा पाहून घ्यावा. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या बहुतेक गाड्या येथें थांबतात, कारण घाट चढण्यासाठीं पाठीमागून रेटणारीं इंजिनें कर्जतलाच जोडतात. उलट उतरणाऱ्या सगळ्याच गाड्या थांबतात असें नाहीं. त्या कांहीं मिनिटांच्या थांब्यावरच कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ति उभी राहिली. वंदे भारतसारख्या नव्या गाडीस पाठीमागच्या इंजिनांची गरज नाहीं, आणि तिच्यांतील प्रवासी वड्यालाहि मुकतात.

एके काळीं घाटाच्या पायथ्याशीं प्रवासच तुटत असे. १८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८५६ सालीं रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ सालीं वरच्या अंगास खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मध्यें बोरघाट. त्यामुळें पांच वर्षें लोक खोपोलीस उतरत, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळा गांठीत आणि तेथें पुन्हां गाडींत बसत. १८६३ सालीं घाटांतला लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ आहे, आणि तो बांधतांना पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर दगावले. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तो मक्ता तडीस नेला. घाटांतून जातांना मला त्या बाईची आठवण हटकून होते. परक्या मुलखांत, वैधव्याच्या पहिल्याच दिवसांत, केवढें हें ओझें! खोपोली मात्र तेव्हांपासून शाखामार्गावर पडली. महडच्या वरदविनायकास जाणाऱ्यांनीं खोपोलीची गाडी धरावी व तेथून रिक्षा करावी. पण ती गाडी चुकली, तर दुसरीची वाट बराच वेळ पाहावी लागते.

स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात. कशेळें, खांडस या बाजूच्या गांवांना एस.टी. हाच खरा आधार. तिकडच्या मुलींचें कॉलेज संध्याकाळच्या गाडीच्या वेळेवर बेतलेलें असतें.

पण पाहुण्यांना खरी ओढ असते ती माथेरानची. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें बांधविली व ती १९०७ सालीं सुरू झाली. वाट २१ किलोमीटरांची. २००५ च्या अतिवृष्टींत ती वाहून गेली, पुन्हां उभी राहिली. २०१९ च्या पावसानें पुन्हां मोडली आणि २०२२ च्या ऑक्टोबरांत पुन्हां धांवूं लागली. पावसाळ्यांत नेरळहून वर ती जात नाहीं. मोटारीनें गेल्यास दस्तुरी नाक्यापर्यंतच जातां येतें. पुढें माथेरानांत मोटारीला मज्जाव आहे. तेथून अमन लॉजची छोटी गाडी, घोडा, किंवा आपले पाय.

आणि माणसानें ओढायची रिक्षा. सासूबाईंना ८२ वें वर्ष लागलें तेव्हां त्यांनीं एकदां माथेरान पाहण्याची इच्छा बोलून दाखविली; लग्नाच्या पहिल्या वर्षीं मामंजींनीं त्यांना तेथें नेलें होतें. दस्तुरीस पोहोंचलों तों छोट्या गाडीचीं तिकिटें संपलेलीं. रिक्षावाले पुढें आले: एक ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. पुढचा गृहस्थ साठीकडे झुकलेला. सासूबाई जागच्या हलेनात. "माझ्या थोरल्याच्या वयाचा माणूस मला ओढणार, आणि मी बसून झाडें पाहणार?"

"आई, तूं बसली नाहींस तर त्याची आजची मजुरी बुडेल," धाकटे भाऊजी म्हणाले.

दोघांचेंहि खरें होतें, आणि मला कोणाचीच बाजू घेतां येईना. शेवटीं तो रिक्षावालाच म्हणाला, "आजी, बसा. सकाळपासून कुणी आलं नाही." त्या बसल्या, पण प्रत्येक चढाला खालीं उतरून माझा हात धरून चालल्या. संबंध वाटभर त्यांनीं त्याच्याकडून त्याच्या मुलांचीं शिक्षणें विचारून घेतलीं, झाडांकडे एकदांहि पाहिलें नाहीं.

२०२२ च्या अखेरीस माथेरानांत विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या. पुढें २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या असा हुकूम दिला, आणि त्या ओढणाऱ्यांनाच विजेच्या रिक्षा भाड्यानें देण्याची योजना आंखावी असें सरकारला सांगितलें. वर्तमानपत्रांतली ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचावयास लाविली. "म्हणजे त्याला ती गाडी मिळेल ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें. योजना कागदावरून त्या उतारवयाच्या माणसाच्या हातीं जाईपर्यंत किती दिवस जातील, हें मला कसें सांगतां येणार? हप्ता, परवाना, नवी गाडी चालविण्याची शिकवणी, सारेंच त्याच्यापुढें आलें.

यंदां वैशाखांत नातवाची मुंज आहे. नागपूरकर मंडळींनीं माथेरानचा बेत आधींच कळविला असून सासूबाईंनीं त्यांत आपलें नांव घालून ठेविलें आहे. नेरळच्या गाडीचीं तिकिटें सकाळीं लवकर जाऊन काढावीं, असें मीं त्यांना लिहिलें आहे. दस्तुरीस गेल्यावर त्या गृहस्थाची चौकशी करावयाची, हें सासूबाई मला रोज एकदां तरी बजावतात.