माळ्यावरचे गाठोडे

अमेरिकेतील एका लहानशा गावी राहणाऱ्या माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीत काही छायाचित्रे पाठविली. त्या गावाने आपल्या जुन्या रेल्वे स्थानकाचे संग्रहालय केले आहे. कोणा दुकानदाराची हिशेबाची वही, शाळेची घंटा, पहिल्या रहिवाशांची शेतीची अवजारे अशा साध्यासुध्या वस्तू तेथे काचेआड मांडल्या आहेत. सोबत त्याने विचारले होते, "काका, आपल्या मराठी मंडळींचे बालाघाटात असे काय जपलेले आहे?"

मी निरुत्तर झालो. आमचे कुलदैवत, कोकणातील मूळ गाव, तेथून निघालेल्या शाखा, हे सारे मला तोंडपाठ आहे. परंतु ज्या गावात आमच्या चार पिढ्या नांदल्या, त्याविषयी चटकन काही सांगता येईना.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा झाला. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. ते नाव बैहरकडील पठाराला शोभते. जिल्ह्याचे ठाणे मात्र घाटाखाली, वैनगंगेच्या खोऱ्यातील बुऱ्हा या गावी राहिले आणि पुढे जिल्ह्याचेच नाव त्या गावाला चिकटले. इंग्रजी अमदानीत आपण नागपूर विभागात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी नागपूरची भोपाळला गेली आणि ज्या नागपूरला आपण कचेरीच्या कामासाठी, सोयरिकीसाठी जात होतो ते परराज्यात गेले. अडीच फुटी रुळांवरून गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडीही २०१५ नंतर बालाघाटात उरली नाही.

पण हा झाला पुस्तकातला इतिहास. घरातला इतिहास कोठे गेला, हे मला पक्के ठाऊक होते. माझे पणजोबा गोंदियापर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने येथे आले. ते रोजकीर्द लिहीत, तीही मोडीत. १९९४ साली घराची दुरुस्ती काढली तेव्हा माळ्यावरची दोन पोती दप्तरे मी रद्दीवाल्याला दिली. मोडी कोणालाच वाचता येत नव्हती आणि वाळवी लागेल अशी भीती होती. आलेल्या पैशांत मजुरांचा चहा झाला. आई तेव्हा एवढेच म्हणाली, "अरे, आजेसासऱ्यांचे अक्षर होते ते."

पुतण्याच्या पत्रानंतर मी पुन्हा माळ्यावर चढलो. जुन्या पितळी भांड्यांच्या मागे एक लहान गाठोडे सापडले. त्यात एकच वही होती, १९०१ सालची. ती घेऊन नागपूरला मोडीच्या एका जाणकारांकडे गेलो. त्यांनी काही पाने वाचून दाखविली. तांदळाचा भाव, कंदिलाचे तेल, तापाने गेलेली एक मुलगी. तिचे नाव आमच्या वंशावळीत नाही. मग एका पानावर, कोकणातून परतल्याच्या दिवशी, पणजोबांनी लिहिले होते : "बुऱ्ह्यास घरी पोचलो."

आम्ही आजवर कोकणाला 'आमचे गाव' म्हणत आलो आणि बालाघाटला 'इकडे'. 'घरी' हा शब्द येथे आलेल्या पहिल्या माणसाने कोणासाठी वापरला होता, हे त्याच्या पणतूला शंभराहून अधिक वर्षांनी दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी गाठोडी असतील. घर विकण्यापूर्वी, रंग काढण्यापूर्वी ती एकदा खाली उतरवा. मोडी येत नसेल तर जाणणारे अद्याप आहेत. संग्रहालय होईल तेव्हा होईल. मी तूर्त त्या मुलीचे नाव वंशावळीत लिहून घेतले आहे आणि वहीचे पहिले छायाचित्र पुतण्याला धाडले आहे.