अंगावरचं देणं



मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. वयाच्या बाराव्या वर्षी लंगोट बांधला आणि पस्तिसाव्या वर्षी खुंटीला टांगला. मधली तेवीस वर्षं यात्रा-जत्रांच्या मैदानांत कुस्त्या केल्या आणि त्यावर घर चालवलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी गावच्या यात्रेला वर्गणी दिली असेल, मैदानाच्या कडेला उन्हात बसून घसा सुकेपर्यंत ओरडला असाल. त्या वर्गणीवर माझ्यासारखे पैलवान जगले. तुमचं माझ्याकडे एक येणं राहिलंय. ते काय, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलोय.

आमचं घर माळकरी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते गावच्या दिंडीचे विणेकरी. घरात एकादशी, हरिपाठ आणि दावणीला दोन म्हशी. मी अंगानं थोराड निघालो तसं गावातल्या जाणत्यांनी आबांना गळ घातली आणि आबांनी मला कोल्हापूरच्या एका तालमीत नेऊन वस्तादांच्या पायावर घातलं. निघताना एवढंच म्हणाले, "पोराच्या गळ्यात माळ हाय, वस्ताद. तेवढी सांभाळा." वस्तादांनी सांभाळली. शेजारच्या चुलीवर मटण शिजायचं, पण माझा खुराक दूध, तूप, बदाम आणि थंडाई एवढाच राहिला.

तालमीतला दिवस पहाटे तीनला सुरू होतो. तुमचा काकडा उभा राहतो तेव्हा आमचे निम्मे जोर मारून झालेले असतात. आधी खोऱ्यानं हौदा उकरायचा. ती माती साधी नसते. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव घालून ती मुरवायची. अंगाला लागली तर जखम चिघळू नये, पडलं तर हाड मोडू नये, म्हणून एवढा उपचार. हौद्यात पायताण चालत नाही. उतरताना माती कपाळाला लावायची, निघतानाही लावायची. वस्ताद म्हणायचे, "देवळात खोटं बोललास तर देव एकदा माफ करंल. हितं बोलू नगं."

कोल्हापूरचं खासबाग मैदान तुम्ही पाहिलं असेल. राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१२ साली बांधून घेतलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. सगळ्यांत मागे बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसावी, कुणाच्या डोक्याआड ती जाऊ नये, अशी त्याची रचना. मी तिथं लढलोय. पण आज सांगायची ती कुस्ती तिथली नाही. ती एका गावच्या यात्रेतली. बघायला हजारो माणसं होती, आणि त्या हजारोंतल्या एकालाच ती खरी दिसली.

त्याआधी पैलवानकीचा हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खुराक रोज लागतो, इनाम हंगामात मिळतं. पावसाळ्यात मैदानं बंद असतात, पण गवळी आणि किराणा दुकानदार यांची उधारी बंद नसते. यात्रेत सुरुवात लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्तीनं होते आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची कुस्ती लागते. त्या शेवटच्या कुस्तीवर सगळं मैदान थांबलेलं असतं. इनाम मोठं, पण जोड तोडीची. एक पडला की त्याचा भाव उतरतो. पुढच्या यात्रेत त्याला दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला घेतात. म्हणून पाठ मातीला लागण्याची भीती पैलवानाला मरणापेक्षा जास्त.

माझं वय तेव्हा एकतीस. उजवा गुडघा कामातून गेलेला. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, उधारी डोक्यावर. समोरची जोड बावीस वर्षांच्या पोराची. बाप बाजारात हमाली करणारा, पोरगं मात्र अंगानं पोलादी. मैदानाच्या आदल्या रात्री जोड ठरवणारी दोन माणसं माझ्याकडे आली. म्हणाली, "गुडघा सांभाळा, नाव सांभाळा. पोराशी बोलणं झालंय. इनाम निम्मं-निम्मं."

ह्याला आमच्यात नुरा कुस्ती म्हणतात. निकाल आधी ठरतो, मैदान नंतर भरतं.

मी हो म्हणालो. माउली, मला कुणी बांधून नेलं नव्हतं. मी माझ्या तोंडानं हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हलगी कडाडली, शिंग वाजलं, आम्ही सलामी दिली. मातीची मूठ त्याच्या हातावर दिली, त्यानं माझ्या हातावर दिली. आठ-दहा मिनिटं खडाखडी झाली. मग मी पट काढला, त्याला खाली घेतला, कब्जा घेतला आणि घिस्सा मारला. खरा पैलवान अशा वेळी मान ताठ करतो. हाताला दगडी खांब धरल्यासारखी लागते ती. त्या पोराची मान मऊ लागली. माझ्या हाताखाली ती सैल सुटली आणि तो अस्मान बघत पडला. मैदान उठलं. फेटे उडाले. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. गर्दीत आबा होते. माळेला हात लावून रडत होते.

वस्तादही आले होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौद्यात उतरायला गेलो, तर त्यांनी हातातलं खोरं आडवं धरलं. म्हणाले, "आज माती उकरायची हाय. तू भाईर बस." मी बाहेर बसलो. पोरं माती वर-खाली करत होती आणि मी बघत होतो. त्यानंतर वस्तादांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या पायावर डोकं ठेवून सांगायचं ते राहूनच गेलं.

त्या वर्षी आषाढीला आबा म्हणाले, "विठोबानं यश दिलं, चल त्येच्या पायावर डोकं ठेवून येऊ." आमची दिंडी लोणंदला माउलींच्या पालखीत मिळते. फलटण झालं, बरड झालं, माझ्या तोंडून अभंग निघेना. आबा समजायचे, गुडघा दुखतोय. नातेपुत्याच्या मुक्कामाला रात्री राहुटीत मी त्यांचे पाय चेपत होतो. चेपता चेपता सगळं सांगून टाकलं. आबा बराच वेळ गप्प राहिले. मी म्हणालो, "आबा, पंढरीत गेल्यावर चंद्रभागेत बुडी मारतो. देवाला सांगतो."

आबा म्हणाले, "देवाला सांगून काय करू? त्यो तितंच हुता की बघत. ज्येचं घेतलंस त्येला सांग."

दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचं रिंगण होतं. अश्व धावून गेले आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. आबाही वाकले. मी उभा राहिलो. मातीला हात लावायचं माझ्यानं झालं नाही.

वारीतले काही जण मला पुढं सांगायचे, पैलवान, झालं गेलं गंगेला मिळालं, तुकोबांनी नाही का खतं इंद्रायणीत बुडवली, तसं तुम्ही बुडवा. ऐकायला बरं वाटायचं. एका कीर्तनात तोच प्रसंग निघाला तेव्हा मी नीट कान देऊन ऐकला. सावकारीच्या कागदांची तुकोबांनी वाटणी केली. भावाच्या वाट्याची खतं भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ती खतं लोकांकडून येणं असलेल्या पैशाची होती. दुसऱ्याकडचं आपलं येणं त्यांनी सोडलं. आपल्या अंगावरचं देणं बुडवायला तुकोबांनी कुठं सांगितलंय? मी इतकी वर्षं त्या गोष्टीच्या आडोशाला उलट्या बाजूनं उभा होतो.

आमच्याच मातीतलं एक उदाहरण मला त्या वेळी फार टोचायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्या सजवून मिरवणूक निघाली. पण मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं, ते मला जास्त मोठं वाटतं. ते मैदानात उतरले, कुस्त्या केल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. त्यांनी मातीतून पैसा काढला तो देणं फेडायला, आणि त्याच मातीतून मी पैसा काढला तो देणं करून ठेवायला.

तरी जायला मला अकरा वर्षं लागली. आबा गेले, त्यांच्या तेराव्यानंतर मी उठलो. तो पोरगा आता एका साखर कारखान्यावर रखवालदार होता. अंग सुटलेलं, केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून उठला, वाकून पाया पडला. मी त्याच्या पाया पडलो तेव्हा मागं सरला. त्याला वारीची सवय नव्हती. मी खिशातलं पाकीट काढून पुढं केलं, इनामातला माझा निम्मा वाटा. त्यानं हात लावला नाही.

म्हणाला, "पैलवान, पैशाचं काय न्हाई. माजा वाटा मला मिळालाय, त्यात बापाचं आपरेशन झालं. पर येक सांगा. त्या दिवशी आपुन खरी केली असती, तर मी तुमाला पाडलं असतं का?"

मला बोलता येईना.

तो म्हणाला, "मला अजून कळलं न्हाई. तवापास्नं कुठल्याबी मैदानात उतरलो की ह्योच इचार. लोकांनी धरलं, ह्यो पडणारा पैलवान हाय. मग मलाबी तसंच वाटाय लागलं. दोन हंगामांत सोडून दिली."

त्यानं चहा मागवला. आम्ही प्यायलो. तो ड्यूटीवर गेला आणि मी एसटीनं घरी आलो. मी त्याचं इनाम घेतलं, असं मी समजत होतो. घेतलं होतं ते वेगळंच. आपण कोण आहोत हे कळण्याचा त्याचा एक दिवस घेतला होता. पैसे परत करता येतात, माउली. न झालेली कुस्ती कशानं परत करायची?

आज पैलवानकी बदलली आहे. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो. आता तिथं मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांना भिडतात. इनामात मोटारगाड्या लागतात. प्रत्येक डाव मोबाईलवर चित्रित होतो. मला ह्यात वाईट काही दिसत नाही. गादी आली म्हणून कुस्ती बुडाली असं म्हणणारा मी नव्हे. खाशाबाही गादीवरच पदक जिंकले. पण घाई वाढली आहे. दहा वर्षांच्या मेहनतीचं अंग पोरांना एका वर्षात पाहिजे, मग सुया टोचून घेतात. अंग फुगतं, आतून काळीज आणि यकृत खराब होतं. सुईनं आलेली ताकद हीसुद्धा मला नुरा कुस्तीच वाटते. फरक एवढाच की इथं खोटी जोड आपलीच आपल्याशी लावलेली असते. आणि मैदान सुटल्यावर काय? मोठा किताब असेल त्याला सरकारी मानधन मिळतं. यात्रांच्या मैदानांत हयात गेलेल्यांना गुडघे आणि साखर. मेहनत थांबते, भूक थांबत नाही. माझे कितीतरी सोबती असे अकाली गेले.

गावात मी आता वीसेक पोरांची तालीम चालवतो. पहिल्या दिवशी पोराला हौद्यात उतरवायच्या आधी ही गोष्ट सांगतो, माझं नाव घेऊन. मागं एका पोराचा बाप चिडला. म्हणाला, "वस्ताद, असलं ऐकून पोराच्या मनातनं तुमचा मान उतरंल." मी म्हणालो, "उतरू द्या. माती उतरली न्हाई म्हणजे झालं." त्यानं पोरगं दुसऱ्या तालमीत घातलं. वाईट वाटलं, पोरगं चांगलं होतं.

वारी चुकवत नाही. गुडघा साथ देईल तेवढं चालतो, नाही तर दिंडीच्या ट्रकमध्ये बसतो. वारीत एक रीत आहे, ती पैलवानाला फार जड गेली होती. समोर कुणी येवो, लहान-थोर, त्याच्या पायाला हात लावायचा. आणि तोही आपल्या पायाला लावतो. माझं सगळं शिक्षण समोरच्याला वाकवायचं. दोघांनीही वाकायचं हे अंगवळणी पडायला वर्षं लागली. कारखान्यावरच्या त्या माणसाला मी दर वर्षी पंढरपूरहून बुक्का पाठवतो. मागच्या आषाढात त्यानं निरोप धाडला, पुढच्या वर्षी रिटायर होतोय, येऊ का दिंडीत? मी म्हटलं, या. येतो का ते बघायचं. आला तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नसणार.

आता तुमचं येणं. त्या दिवशी त्या मैदानात तुम्ही असाल. तुम्ही माझ्या नावानं ओरडला असाल, फेटा उडवला असेल, घरी जाऊन पोराबाळांना त्या घिश्श्याची गोष्ट सांगितली असेल. तुम्ही खरं ओरडला होता. मी खोटं लढलो होतो. तुम्हा हजारोंची घरं मला शोधता येणार नाहीत, म्हणून इथं सांगतो. आणि कधी लोणंद ते पंढरपूर वाटेवर कानाची गड्डी झालेला, उजवा पाय ओढत चालणारा म्हातारा दिसला, तर थांबवा. तुमच्या पायाला हात लावायचा राहिलाय माझा.

रामकृष्ण हरी.