तिसऱ्यांदा भात

कॉलेजच्या वार्षिक अंकात मी आजीचे व्यक्तिचित्र लिहिले होते. तेरेखोलच्या काठावरचे आमचे आरोंदा, पलीकडचे गोव्याचे किरणपाणी, माडांच्या सावल्या हे सारे त्यात रीतीप्रमाणे होते. वाचणाऱ्यांच्या लक्षात मात्र आजीचा भात राहिला. सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती पान घेऊन बसे आणि उकड्या तांदळाचा भात तीनदा वाढून घेई. घरात तिला थट्टेने 'कोठार' म्हणत. मी तेच शीर्षक दिले. लेखाचे कौतुक झाले. तो मी तिला वाचून दाखवला, तेव्हा ती हसली होती.

तिच्या पानात भाताबरोबर काय असे, हे मात्र मी लिहिले नव्हते. नुस्त्याच्या तुकड्या पुरुषांच्या आणि आम्हा मुलांच्या पानांत संपत. तिच्यासाठी कढी उरे, क्वचित एखादे बांगड्याचे डोके.

स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर या कीटकांच्या आहारापासून सुरुवात केलेल्या अभ्यासकांनी २००५ साली माणसाच्या भुकेविषयी एक तर्क मांडला. शरीराला प्रथिनांचे साधारण ठरलेले माप हवे असते. अन्नात ती विरळ असली की ते माप गाठण्यासाठी माणूस एकूणच जास्त खातो. सिडनीत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २२ सडपातळ माणसांना चवीला सारखेच, पण प्रथिनांचे प्रमाण वेगळे असलेले अन्न चार-चार दिवस दिले गेले. ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणताच त्यांच्या पोटात सुमारे १२ टक्के अधिक ऊर्जा गेली. वाटा २५ टक्के केला, तरी खाणे मात्र १५ टक्क्यांच्या तुलनेत घटले नाही. भूक उणिवेच्या बाजूनेच अधिक बोलते, असे दिसते.

हे वाचताना मला पां. वा. सुखात्मे आठवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ. जग 'प्रथिनांच्या तुटी'ची चर्चा करत असताना त्यांचे म्हणणे असे, की आपला नेहमीचा धान्य-डाळीचा आहार माणसाला पोटभर मिळाला, तर प्रथिनेही बहुतांशी पुरतात. गरिबाला कमी पडते ते अन्नच. म्हणजे प्रथिने भातातही असतात, पण ती मिळवायची तर भात पुष्कळ खावा लागतो. आजी तेच करीत होती काय?

एकट्या म्हातारीवरून सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे मला कळते. ती दिवसभर राबत असे, तेवढ्यानेही भूक लागेल. पण श्रावण आठवतो. घरात नुस्ता येणे बंद होई, सगळे भाजी-आमटीवर येत, आणि काकी दरवर्षी कुरकुरे, ''ह्या म्हयन्यात तांदूळ कसो सरता, कळणा नाय.'' त्या महिन्यात काकाही तिसऱ्यांदा भात घेत. त्यांना कोणी कोठार म्हटले नाही.

तो अंक अजून माझ्यापाशी आहे. व्यक्तिचित्र कसे लिहावे हे शिकवताना मी एकदोनदा वर्गात तो नेलाही. मुले त्याच ठिकाणी हसली. यंदा पुन्हा न्यावा म्हणतो. मात्र त्यांना आधी विचारीन, या बाईच्या पानात आणखी काय होते.